गाल टेकेल असं लाकूड

आमच्या घरात मूल जन्माला आलं की आधी त्याची फळी निवडतात, मग नाव ठेवतात. अक्रोडाची फळी. बुंधा जिथे मुळांना मिळतो तिथली, कारण तिथे लाकडाच्या रेषा वेड्यावाकड्या होतात आणि तेल पाजलं की निखाऱ्यासारख्या दिसतात. फळीवर खडूने मुलाचं नाव घालायचं आणि माळ्यावर वाऱ्याला ठेवून द्यायची. मूल वाढतं, फळी वाळते. दोन्ही तयार झाली की त्या फळीतून त्या मुलाच्या बंदुकीचा दस्ता निघतो. आमच्या खोऱ्यात नळ्या घडवणारे पुष्कळ आहेत, चाप बसवणारेही पुष्कळ. पण जो खांद्याला लागतो आणि गालाला लागतो, तो दस्ता करावा आमच्याच घराने. हे मी म्हणत नाही, आमच्या गार्दोने गावात कुणालाही विचारा. कुणी वेगळं सांगितलं तर त्याचं नाव तेवढं मला कळवा.

माझा नवरा बोर्तोलो गेला तेव्हा लोक धरूनच चालले होते की आता दुकानाला कुलूप. मी तिसरीतून शाळा सोडली ती आईशेजारी खिडकीत बसून दस्त्याच्या मुठीवर बारीक चौकड्यांची जाळी कोरायला. तेव्हा आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका हेच करायच्या. मला वाचायला वेळ लागतो, पण लाकूड मला लगेच वाचता येतं. दुकान मी चालू ठेवलं. लाकूड कापतो आणि घासतो माझा मुलगा जिल्दो. माप मात्र मी घेते.

माप घ्यायची आमची रीत अशी. आमच्याकडे एक मापाची बंदूक आहे. तिच्यातून काही सुटत नाही, आत घोडाच नाही. तिचा दस्ता बिजागऱ्यांचा आणि स्क्रूंचा, हवा तसा उंच होतो, बुटका होतो, लांबतो, वळतो. नेमबाजाने ती खांद्याला लावायची आणि समोर उभं राहिलेल्या माणसाच्या डोळ्यावर सरळ नेम धरायचा. समोर मी. नळीवरच्या पट्टीवरून मी त्याच्या डोळ्यात बघते. बुबुळ पट्टीवर नीट बसलं की नाही ते बघते आणि स्क्रू फिरवते. बोर्तोलोच्या आधी त्याची आई अशी उभी राहायची, मग बोर्तोलो, आता मी. मोठमोठ्या नेमबाजांनी माझ्या डोळ्यावर नेम धरला आहे. मी कधी पापणी हलवलेली नाही.

नोएमी म्हणजे जिल्दोची मुलगी, माझी एकुलती एक नात. तिची फळी बोर्तोलोने स्वतः निवडली होती. थुंकी लावून, उन्हात धरून बघितली आणि मला हाक मारली, "फाउस्तीना, हे बघ!" लाकडात ज्वाळ उठलेला होता, आणि तोही बरोबर जिथे पोरीचा गाल येणार तिथे. "पोरगी गाल टेकवेल ती विस्तवावर," म्हणाला. पोरगी तेव्हा पाळण्यात बोट चोखत होती.

ती फळी यंदा उतरवली. नोएमी उडत्या तबकड्यांवर नेम धरते. खड्ड्यातल्या यंत्रातून मातीची नारिंगी तबकडी सुटते, आणि ती पळून जायच्या आत छर्‍यांनी फोडायची. आतापर्यंत क्लबच्या बंदुकीवर ती चांगली फोडायची. मी माप घेतलं, जिल्दोने दस्ता कापला, जाळी मी कोरली. डॉक्टर म्हणतो तुमच्या डोळ्यांना आता हे झेपणार नाही. डॉक्टरला काय कळतंय जाळीतलं. तेल मी स्वतःच्या तळहाताने पाजलं. दस्ता असा उतरला की पाद्रीसुद्धा बघायला आला आणि हात लावायला गेला, तर मी म्हणाले, "फादर, आधी हात धुवून या."

आणि त्या दस्त्यावर माझी नात चुकायला लागली.

थोडीथोडकी नाही. मैदानावरून यायची ती गालावर निळा डाग घेऊन, आणि जेवताना मान वर करायची नाही. येत्या रविवारी ब्रेशा शहराच्या मैदानावर निवड होती. त्यातून दोघीच राष्ट्रीय चमूत जाणार. सोमवारी तिचा शिकवणारा ओरेस्ते दारात उभा राहिला, काखेत एक लांबट पेटी.

"फाउस्तीनाबाई, रागावू नका हं."

"असं म्हणत जो घरात शिरतो ना ओरेस्ते, तो रागवण्याजोगंच काहीतरी घेऊन येतो. बस. काय आहे पेटीत?"

त्याने पेटी उघडली. आत एक काळा दस्ता. रंगवलेला. गाल टेकायचा तुकडा वेगळा, दोन लोखंडी दांड्यांवर उभा, किल्लीने वरखाली होणारा. मी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"दस्ता आहे."

"मला वाटलं दाताच्या डॉक्टरची खुर्ची."

जिल्दो हसला. मी बघितलं, तसा गप्प झाला.

"हसा तुम्ही," ओरेस्ते म्हणाला. "पण पोरीचा प्रत्येक बार तबकडीच्या वरून जातोय. प्रत्येक. बंदूक तिच्या गालावर लाथ मारते. हिला हा दस्ता लावू या, गालाची उंची जमेल तशी बसवू. नाहीतर..." तो जिल्दोकडे बघायला लागला. मी समोर असताना लोक जिल्दोकडे बघायला लागले की समजावं, वाईट गोष्ट पुढे आहे. "नाहीतर तिचाच दस्ता कापू. गालाचा भाग करवतीने उचलायचा आणि अशा दांड्यांवर बसवायचा. हल्ली सगळे करतात."

"सगळे करतात म्हणून मी अक्रोडाचं चीज कापल्यासारखं कापू? बोर्तोलोने थुंकी लावून निवडलेली फळी आहे ती!"

"बोर्तोलोकाका रविवारी नेम धरायला येणार नाहीत, बाई."

मग मी त्याला कॉफी दिली, साखर न घालता.

कोपऱ्यात नोएमी उभी होती. तिला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"तू म्हणशील तसं, आजी."

"मी तुला विचारतेय."

"मला आजोबांच्या फळीवरच नेम धरायचाय," ती म्हणाली, आणि बोलताना हात गालावरच्या डागावर गेला. "पण मला चमूतही जायचंय."

ओरेस्तेने पेटी तशीच ठेवली. शुक्रवारपर्यंत ठरवा म्हणाला. दस्ता बदलला तर हाताला सवय व्हायला रविवारआधी दोन दिवस तरी हवेत.

दुपारी जेवायला बसलो. मी मक्याच्या पिठाची पोलेंता ताटात वाढत होते आणि मनात दस्त्याचं माप पुन्हा तपासत होते. चूक नव्हती. मला चांगलं आठवत होतं, नोएमी माझ्यासमोर कशी उभी राहिली होती. पाठ ताठ, मान सरळ, गाल दस्त्यावर अलगद. हुबेहूब बोर्तोलो. माझी छाती भरून आली होती तेव्हा.

"माप बरोबर आहे," मी जाहीर केलं. "पोरगीच मैदानावर काहीतरी वाकडं करते."

माझी सून लोरेदाना हिला मी वाढलेलं कधी पुरत नाही आणि बोललेलं कधी पटत नाही. ती खोऱ्यातली नाही, सरोवराकडची. तिने चमचा खाली ठेवला आणि फोन काढला.

"आई, हे बघा."

"जेवताना फोन नाही."

"एकदाच बघा, मग माझ्या अंगावर ओरडा. तसंही ओरडणारच आहात."

फोनमध्ये मैदान होतं. पाठमोरी, मग बाजूने, एक मुलगी बंदूक उचलत होती. गुडघे किंचित वाकलेले, धड पुढे झुकलेलं, मान ताणून लांब केलेली, गाल दस्त्यावर घट्ट दाबलेला, मुठीच्या अगदी जवळ. उडी मारायला टपलेली मांजर. तबकडी सोडा म्हणून ती ओरडली, तबकडी सुटली, बार झाला, तबकडी आपली मजेत निघून गेली.

"ही कोण?" मी विचारलं.

"कोण म्हणजे? नोएमी!"

"नोएमी अशी उभी राहत नाही."

"तुमच्यासमोर राहत नाही," लोरेदाना म्हणाली. "तुमच्यासमोर ती चर्चमध्ये पहिल्या कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उभी राहिल्यासारखी राहते. जिल्दोही तसाच उभा राहतो. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात मला पाठ वाकवल्याचं आठवत नाही. या घरात कुणाला पोक येणार नाही, आई, एवढं मात्र तुमच्यामुळे."

जिल्दोला ठसका लागला. मी त्याच्या पाठीत हवा तेवढा धपाटा घातला, त्याहून थोडा जास्तच.

मी ते चित्र पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा. पोलेंता गार झाली. दस्त्याची वरची कड, जिथे गाल टेकतो, ती मुठीकडे उंच असते आणि खांद्याकडे उतरत जाते. माझ्यासमोर ताठ उभं राहिलेल्या मुलीचा गाल मागे, उतारावर पडला होता. त्या जागेचं माप मी घेतलं. मैदानावर हीच मुलगी मान पुढे काढते आणि गाल जाऊन पडतो पुढे, उंचीवर. डोळा वर जातो, बार वर जातो, आणि उंच कड गालाला लाथ मारते. माप बरोबरच होतं. फक्त ते माझ्यासमोर उभं राहिलेल्या पोरीचं होतं, आणि तबकड्या फोडायला जाते ती दुसरी.

हे मी मोठ्याने बोलले नाही. "उठा," म्हणाले. "मापाची बंदूक काढ, जिल्दो."

दुकानात मी माझ्या जागेवर उभी राहिले. नोएमीने बंदूक उचलली आणि लगेच मेणबत्तीसारखी सरळ.

"मैदानावर राहतेस तशी राहा."

"राहिले की."

"वाक!"

ती आणखी ताठ झाली. "वाक!" असं ओरडून कुणी वाकत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी आवाज खाली आणला, "वाक गं, सोन्या," म्हणाले, तर ती घाबरलीच. माझ्या तोंडून सोन्या तिने कधी ऐकलं नव्हतं.

"आई, मी राहते समोर," लोरेदाना म्हणाली.

या दुकानात नळीसमोर उभं राहण्याचा मान सुनेला नवरा जिवंत असताना कधी मिळालेला नाही. मलासुद्धा बोर्तोलो गेल्यावरच मिळाला. पण मी बाजूला झाले. लोरेदाना उभी राहिली. नोएमीचे खांदे सैल झाले, गुडघे वाकले, मान पुढे आली, गाल खाली बसला. हे हवं होतं! पण नळी वर आली तशी लोरेदानाने डोळे गच्च मिटले.

"डोळे उघड!"

"उघडते," म्हणाली आणि आणखी घट्ट मिटले. "त्यातून काही सुटत नाही ना नक्की?"

"आत घोडाच नाही, कितीदा सांगू!"

"मला माहितीय. माझ्या डोळ्यांना माहीत नाही."

डोळा मिटलेल्या माणसावर नेम धरला तर बुबुळ कुठे बसतं ते कुणी बघायचं? आणि उघडून तरी काय, तिला काय बघायचं तेच ठाऊक नव्हतं. जिल्दोला उभं करून बघितलं. त्याला त्याच्याच मुलीकडे बघून एकसारखं हसू येत होतं आणि तो डोकं हलवत होता. बघायला मीच हवी होते, आणि मी समोर असले की पोरगी पुतळा.

मी जिल्दोला म्हणाले, "तू बाहेर जा, कोंबड्यांना दाणे घाल."

"घातले."

"मग पुन्हा घाल."

तो गेला. लोरेदानाला म्हणाले, "तू पाठ कर."

"का?"

"कर म्हणते ना!"

तिने पाठ केली. मी माझ्या जागेवर गेले. नोएमीने नळी वर आणली, ताठ. नळीवरून तिचा एक डोळा मला दिसत होता, भेदरलेला, जुन्या मापाप्रमाणे पट्टीवर नेमका. मग मी माझे दात काढले. वरची कवळी आणि खालची, दोन्ही, आणि एप्रनच्या खिशात टाकल्या. मला दातांशिवाय या घरात फक्त बोर्तोलोने बघितलं होतं, आणि तोही अंधारात. मी ओठ आत ओढले, गाल पोकळ केले आणि त्या पोरीच्या डोळ्यात बघत तोंड आ वासून हलवलं, कोंबडी दाणे टिपते तसं.

आधी काही झालं नाही. तिच्या डोळ्याने विश्वासच ठेवला नाही. मग नळी थरथरली. मग ती फुटली. बंदूक नव्हे, पोरगी. हसून हसून तिचे गुडघे वाकले, पाठीचा ताठा गेला, मान पुढे आली आणि गाल धप्पकन दस्त्यावर बसला, पुढे, मुठीजवळ, जिथे रोज बसतो तिथे.

"अशीच राहा!" मी बोळक्या तोंडाने ओरडले. काय ओरडले ते माझं मलाही समजलं नसेल, पण ती तशीच राहिली. हसत होती, पण डोळा पट्टीवर स्थिर होता. शिकलेली पोर आहे. मी गेले, स्क्रू फिरवला, परतले, पुन्हा तोंड हलवलं, पुन्हा बघितलं. पुढची कड खाली, आणखी खाली. बुबुळ पट्टीच्या जरासं वर येऊन बसलं, जसं उडत्या तबकडीसाठी बसायला हवं तसं.

"आई, काय चाललंय?" लोरेदानाची पाठ हलत होती.

"माघं वळू नकोथ!" मी म्हणाले.

ती वळली. अर्थात वळली, सून आहे माझी. तिने बघितलं. मी कवळ्या बसवल्या, तोंड पुसलं आणि तिच्याकडे असं बघितलं की ती लगेच म्हणाली, "मी काही बघितलं नाही."

"बरं केलंस."

मग खरं काम आलं. काळा दस्ता पेटीत पडला होता. तो लावला असता तर अर्ध्या तासात सगळं संपलं असतं, आणि ओरेस्तेचं काही चुकीचं नव्हतं. तो माप बदलता येणारं लाकूड घेऊन आला होता, कारण इथे माप चुकलंय एवढं त्याला कळलं होतं. करवतीनेही काम झालं असतं. तिसरा मार्ग होता कानशीचा: कड पुढून घासून खाली आणायची. घासलेलं परत येत नाही. आणि घासायची जागा नेमकी तीच होती, बोर्तोलोचा ज्वाळ.

मी दस्ता शिकंज्यात धरला, चामड्याचे तुकडे मध्ये घालून. नोएमीला विचारलं, "काळा, कापलेला की घासलेला? तुझा गाल आहे. मी नाही सांगणार."

ती दस्त्याकडे बघत राहिली. "घासला तर ज्वाळ जाईल का?"

"वरचा जाईल. खाली काय आहे ते कुणालाच माहीत नाही. आजोबांनाही माहीत नव्हतं."

"घास," ती म्हणाली. मग लगेच, "नाही, थांब. मी घासते."

जिल्दो दारातून म्हणाला, "अगं, तुला..." मी हात वर केला. मी तिच्या हातात कानस दिली आणि तिच्या मनगटावर माझा हात ठेवला, जोर कमी पडला तर वाढवायला आणि जास्त झाला तर धरायला. पहिल्यांदा सोनेरी भुसा पडला, मग तपकिरी, मग काळपट. ज्वाळ गेला. त्याच्या खाली जे निघालं ते ज्वाळासारखं नव्हतं; काळ्या रेषा होत्या, एकात एक, मेल्ला नदीच्या पाण्यावर पुलाखाली पडतात तशा. मी अंगठा फिरवला. थुंकी लावून बघितली. बोर्तोलो असता तर यातही काहीतरी शोधलं असतंच.

दुसऱ्या दिवशी सगळं सामान गाडीत घालून आम्ही मैदानावर गेलो. तिथे चुन्याने रंगवलेला लोखंडी पत्रा आहे. नोएमीने पत्र्यावर बार काढला. छर्‍यांचे डाग मधल्या खुणेच्या वर पडले, पण थोडेच वर. मी गाडीच्या मागच्या दारात बसून मांडीवर दस्ता धरला आणि घासला. तिने बार काढला. मी घासला. ओरेस्ते बाजूला उभा राहून शर्टाच्या बाहीने पत्रा पुसून पुन्हा चुना लावायला मदत करत होता, त्याची बायको त्याला घरी काय म्हणाली असेल कोण जाणे. शेवटी डाग खुणेभोवती जमले, बहुतेक वर, थोडे खाली.

"आणखी थोडं, बाई?" ओरेस्ते म्हणाला.

"नाही. आता पुरे."

"खरंच?"

"आता लाकूड संपलं नाही, ओरेस्ते, चूक संपली आहे."

त्याने पत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच वाद घातला नाही. त्या संध्याकाळी आणि पुढे रोज, कोरी कड मी तेलाने चोळली. तिला जुन्याचा रंग काही आला नाही. कळून येतं, इथे हात लागला आहे. येऊ दे.

रविवारी मी ब्रेशाला गेले, काळा झगा घालून, जो मी फक्त चर्चमधल्या मिस्सेला आणि मयताला घालते. लोरेदानाने माझ्यासाठी छत्री धरली, उन्हाची. नोएमी रांगेत उभी राहिली. मांजरासारखी. आमच्याकडे तिने एकदा बघितलं, आणि मी मुद्दाम दुसरीकडे तोंड केलं. तबकड्या फुटायला लागल्या. नारिंगी धूर, धूर, धूर. मग एक अख्खी निघून गेली. पण छर्रे तिच्या खालून गेले होते, मी बघितलं. पोरीने घाई केली होती. चूक तिची होती. लाकडाची नव्हती. मला एवढा आनंद झाला की मी लोरेदानाचा दंड दाबला.

"आई, दुखतंय."

"गप्प."

नोएमी दुसरी आली, चमूत गेली. पहिली पोर्डेनोनची एक पोरगी, लांब मानेची, तिचा दस्ता काळा आणि दांड्यांचा होता. ओरेस्तेने ते मला सांगितलं नाही, मीच बघितलं. चांगला बसला होता तिला. खोटं कशाला बोलू.

नोएमी धावत आली, बंदुकीच्या नळ्या उघडून, रिकाम्या. मी तिची हनुवटी धरली आणि गाल उजेडाकडे वळवला. अंगठा फिरवला. निळं नव्हतं. लालसुद्धा नव्हतं.

"आजी," ती सगळ्यांसमोर, ओरेस्ते, जिल्दो, क्लबचे लोक, सगळ्यांसमोर म्हणाली, "दर तबकडीच्या आधी मी गाल टेकवायचे ना, तेव्हा मला तुझं बोळकं दिसायचं!"

"कसलं बोळकं?" ओरेस्तेने विचारलं.

लोरेदाना छत्रीच्या आड हसत होती. छत्री हलत होती.

"तुझ्या कामाचं नाही," मी म्हणाले. "ती तुझी काळ्या दस्त्याची पेटी आमच्या गाडीतून काढ आधी. मांस सकाळपासून सळईवर भाजतंय आणि घरी जाऊन मला ते चिरायचं आहे. तूही ये. आणि बायकोला घेऊन ये, त्या शर्टाचं काय झालं ते मला तिच्याच तोंडून ऐकायचंय."